वांझ पराग, भरलेल्या कणग्या

भंडारा जिल्ह्यात हलके धान भाद्रपदात निसवते, भारी धान आश्विनात. पऱ्हे टाकताना, चिखलणीला, रोवणीला माणसांनी गजबजलेल्या बांध्या या दिवसांत शांत असतात, आणि पिकाचे सगळ्यात मोठे काम याच शांततेत होते. सकाळी नऊच्या पुढे ऊन तापले की लोंबीवरच्या तुसांच्या जोड्या किंचित उघडतात. सहा पिवळे परागकोश बाहेर लोंबतात, पराग गळतो, आणि तासाभरात तुसे पुन्हा मिटतात. प्रत्येक फुलात नरही असतो आणि मादीही. बाहेर आलेला पराग काही मिनिटांतच निकामी होतो, पण धानाला त्याची पर्वा नसते. त्याच फुलातला पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडलेला असतो. म्हणून धानाच्या शंभर दाण्यांतला एखादाच परक्या परागाचा निघतो, कधी तोही नाही. शेतकऱ्याने यंदाच्या पिकातले बियाणे राखले, तर पुढच्या वर्षी जसेच्या तसे धान हाती येते ते यामुळेच.

अशा उभयलिंगी फुलांच्या गर्दीत एखादे रोप निव्वळ मादी निघाले तर? परागकोश आहेत, पण फिके आणि रिकामे. कुक्षी मात्र धडधाकट. शेजारच्या झाडाचा पराग मिळाला तर दाणा भरेल, नाही मिळाला तर लोंबी पोचट राहील. शेतकऱ्याच्या नजरेला हे रोगट रोप, उपटून टाकण्याजोगे. तरीही गेल्या शंभर वर्षांत ज्वारी, बाजरी, मका, कांदा आणि अखेर धान या पिकांची शेती ज्या रोपांनी बदलली, ती नेमकी अशीच वांझ परागाची रोपे होती. त्यांचा शोध कसा लागला, ती महाराष्ट्राच्या शिवारात कशी पोचली आणि धानाच्या प्रदेशाला त्यांनी काय दिले आणि काय मागितले, याचा हा इतिहास आहे.

रानफुलांमधल्या माद्या

सुरुवात शेतात झाली नाही, रानफुलांत झाली. १८७७ साली चार्ल्स डार्विनचे एकाच जातीच्या झाडांवर येणाऱ्या वेगवेगळ्या फुलांविषयीचे पुस्तक निघाले. त्यात त्याने थाइम, सॅव्हरी अशा तुळशीच्या कुळातल्या वनस्पतींचा एक विचित्र संसार मांडला. त्यांच्या ताटव्यांत काही झाडांवर नेहमीची उभयलिंगी फुले येतात, तर काहींवर निव्वळ मादीफुले. पूर्ण नर झाड एकही नाही. उभयलिंगी आणि मादी एकाच ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदतात. डार्विनने दोन्ही प्रकारच्या झाडांचे बी गोळा करून तोलले, आणि माद्यांचे बी जास्त भरले.

कोडे पुढेच होते. उभयलिंगी झाड आपला वारसा दोन वाटांनी पुढे पाठवते, बियांतून आणि परागातून. मादीला एकच वाट. एक हात बांधलेल्या या झाडांचा वंश कधीच संपायला हवा होता. जास्त बी धरून ती तोटा थोडा भरून काढत असतील, पण तेवढे पुरेल का? हिशेब पुरता जुळत नव्हता.

उत्तराची दिशा जर्मनीच्या कार्ल कोरेन्सने दाखवली. मेंडेलचे विस्मृतीत गेलेले नियम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी तो एक. सॅव्हरीसारख्या वनस्पतींवर त्याने १९०८ च्या सुमारास प्रयोग केले. मादी झाडांचे बी पेरले की बहुतेक माद्याच उगवत, मग पराग कोणत्याही झाडाचा असो. मेंडेलच्या नियमाप्रमाणे आईबापांचा वाटा सारखा असायला हवा होता. इथे सगळे आईकडून येत होते.

हे असे का, ते पुढच्या पिढ्यांना उमगले. पेशीच्या केंद्रकातला वारसा आईबाप दोघांकडून येतो. पण केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रवात तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया असतात. त्यांची स्वतःची वेगळी जनुके असतात आणि बहुतेक वनस्पतींत ती केवळ आईकडून मिळतात. तंतुकणिकेच्या दृष्टीने पराग हा बंद रस्ता आहे. त्यातून ती पुढच्या पिढीत जातच नाही. म्हणून परागाची निर्मिती थांबवून बी थोडे वाढवणारा बदल तंतुकणिकेत झाला, तर तो पसरत जातो. १९४१ साली इंग्लंडच्या डी. लुईस यांनी हे गणित मांडले. केंद्रकातून येणाऱ्या वारशाला मादीने उभयलिंगीच्या दुप्पट बी दिल्याशिवाय टिकता येत नाही. आईकडून येणाऱ्या वारशाला मात्र थोडेसे जास्त बीही पुरते.

केंद्रकाला हे परवडत नाही, कारण त्याचा निम्मा वारसा परागातून जातो. मग केंद्रकात पराग पुन्हा जिवंत करणारी जनुके टिकून राहतात. तंतुकणिका पराग मारते, केंद्रक तो परत आणते, आणि या ओढाताणीचा कधीच पुरता निकाल लागत नाही. ताटव्यात दोन्ही प्रकारची झाडे शेजारीशेजारी दिसतात ती यामुळे.

पिशवीत बांधलेला कांदा

१९२५ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे हेन्री जोन्स कांद्यावर काम करत होते. 'इटालियन रेड' वाणाच्या झाडांवर त्यांनी स्वपरागसिंचनासाठी पिशव्या बांधल्या होत्या. १३-५३ क्रमांकाच्या झाडाने पिशवीत एकही बी धरले नाही. त्याचा पराग वांझ होता. एरवी ते झाड तिथेच संपले असते. पण त्याच्या फुलोऱ्यात बियांऐवजी छोटे कंद धरले. ते लावून जोन्स यांनी झाड जिवंत ठेवले. पुढे या वांझपणामागे पेशीद्रव आणि केंद्रक दोन्ही आहेत, हे त्यांनी उलगडले, आणि १९४३ साली सहकारी क्लार्क यांच्यासह ते प्रसिद्ध केले.

याची किंमत कळायला संकराची अडचण समजून घ्यावी लागते. दोन वेगळ्या वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीचे पीक अनेकदा दोन्ही पालकांपेक्षा जोमदार येते. पण उभयलिंगी फुलांचा संकर करायचा तर आई व्हायच्या झाडाचे परागकोश फुलागणिक हाताने काढावे लागतात. कापसाच्या मोठ्या फुलात ते जमते. ज्वारीच्या एका कणसात हजारो फुले असतात. एकराला पुरेल एवढे बियाणे असे कोण तयार करणार? आई व्हायचे झाड मुळातच परागहीन असेल, तर हा प्रश्न उरत नाही. त्याच्या ओळीशेजारी बापाची ओळ लावायची, आणि बाकीचे वारा करतो.

त्यासाठी तीन वाण लागतात. पहिला नरवंध्य, म्हणजे माता. दुसरा तिच्यासारखाच, पण सुदृढ परागाचा. तिच्यावर त्याचा पराग पडला की पुन्हा नरवंध्य माताच जन्मते आणि तिचा वंश टिकतो. तिसरा केंद्रकातून पराग परत आणणारा पिता. त्याच्यापासून झालेले बियाणे शेतकऱ्याच्या शेतात भरघोस दाणे धरते. रानफुलांच्या ताटव्यातली ती जुनी ओढाताण शास्त्रज्ञांनी तीन ओळींत वाटून घेतली.

मिलोची लेक

ज्वारीत ही युक्ती १९५४ साली साधली. टेक्ससमधले स्टीफन्स आणि हॉलंड यांनी दाखवले की 'मिलो' गटातल्या ज्वारीच्या पेशीद्रवात 'काफिर' गटाचे केंद्रक आणून बसवले की परागहीन झाडे निघतात. भारताने ही संधी लवकर पकडली. भारतीय कृषी संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने काम सुरू झाले, आणि १९६४ च्या अखेरीस देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, प्रसारित झाली. तिची माता काफिर-६० ही नरवंध्य ओळ, पिता आयएस ८४. डॉ. एन. जी. पी. राव यांचे नाव या कार्यक्रमाशी कायमचे जोडले गेले आहे.

वेळ आणीबाणीची होती. साठच्या दशकाच्या मध्याला पाऊस हुलकावणी देत होता आणि देश अमेरिकी धान्याच्या जहाजांकडे डोळे लावून बसला होता. महाराष्ट्राच्या रेशन दुकानांत लाल मिलो येत असे. त्याच्या भाकरीची चव ती पिढी अजून विसरलेली नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे विदर्भातले, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे, शेतीत रमणारे गृहस्थ. राज्य दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, असे त्यांनी १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यासमोर सांगितल्याची आठवण आजही काढली जाते. त्यांच्या सरकारने सगळी मदार संकरित ज्वारीवर ठेवली. १९६४ सालीच जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 'महिको' ही बियाणे कंपनी काढली, आणि संकरित बियाण्याचे प्लॉट शेतकऱ्यांच्या शिवारात दिसू लागले.

त्या प्लॉटवर शेतीची जुनी रीत उलटी झाली. मातेच्या चार ओळी, पित्याच्या दोन, आणि सभोवार दुसऱ्या ज्वारीपासून ठरावीक अंतर. फुलोऱ्याच्या दिवसांत पहाटेपासून माणसे मातेच्या ओळींत फिरत. कणसावर पिवळा पराग दिसला की ते ताट तिथल्या तिथे उपटायचे. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला धड पीक मानले, ते उभयलिंगी झाड इथे भेसळ ठरले होते, आणि वांझ परागाचे रोप जपून ठेवले जात होते. ज्या मिलोने रेशनच्या रांगेत लोकांना वैताग आणला, तिच्याच पेशीद्रवातून या माता आल्या होत्या.

बुटकी, लवकर येणारी, खताला साथ देणारी ही ज्वारी गावोगाव नुसती 'हायब्रीड' म्हणून ओळखली जाऊ लागली. उत्पन्न वाढले, पण तक्रारीही आल्या. भाकरीला गावरान ज्वारीची चव नव्हती, कडबा तोकडा होता, आणि पावसात कणीस भरले तर दाणा काळा पडे. पुढच्या वाणांनी यातले काही दोष कमी केले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने स्वतःची नरवंध्य माता घडवली आणि तिच्यातून सीएसएच-१४ हा लवकर येणारा संकर नव्वदच्या दशकात शेतकऱ्यांपर्यंत पोचला. विदर्भाच्या ज्वारीच्या पट्ट्याने या तंत्रावर अशी हुकमत मिळवली.

एकाच मातेचा धोका

बाजरीची गोष्ट अधिक वेगाने घडली आणि अधिक वेगाने कोसळली. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी 'टिफ्ट २३ ए' ही नरवंध्य बाजरी तयार केली होती. लुधियानाच्या दिलबागसिंग अठवाल यांनी तिच्यापासून एचबी-१ हा संकर केला आणि तो १९६५ साली प्रसारित झाला. देशातले बाजरीचे उत्पादन १९६५ च्या सुमारास ३५ लाख टन होते, ते १९७० साली ८० लाख टनांवर गेले. पण एचबी-१ नंतर आलेल्या अनेक संकरांचीही आई तीच होती. १९७१ पासून केवडा रोगाने पिकाला घेरले. कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुबका येतो, म्हणून शेतकरी त्याला गोसावी म्हणतात. शेतेच्या शेते गोसावी झाली. दोष मातेच्या परागहीनतेचा नव्हता. देशभर एकच माता पेरली गेली, आणि तिला या रोगाशी लढता येत नव्हते, हा दोष होता.

त्याच सुमारास अमेरिकेच्या मक्यात याहून थेट पुरावा मिळाला. तिथे बहुतेक संकरित मका 'टेक्सस' नावाच्या एकाच नरवंध्य पेशीद्रवावर उभा होता. १९७० साली करपा बुरशीचा नवा प्रकार आला, आणि देशाच्या मका पिकापैकी सुमारे १५ टक्के गेले. पुढे तंतुकणिकेतले ते जनुक हाती लागले. जे प्रथिन पराग मारत होते, तेच बुरशीच्या विषाला पेशीचे दार उघडून देत होते. वांझपणा आणि रोग एकाच मुळातून आले होते.

रानात असे होत नाही. ताटव्यात माद्या एका मातेच्या वंशातल्या नसतात. वेगवेगळे पेशीद्रव आणि वेगवेगळी केंद्रके शेजारीशेजारी वाढतात. शेतीने रानातून मादी उचलली, तिच्याभोवतालची विविधता मात्र तिथेच सोडली. १९७० च्या आसपासच्या या दोन पडझडींचा अर्थ एवढाच होता.

हैनानच्या दलदलीतले रोप

धान सगळ्यांत हट्टी निघाले. संकरित धान जोमदार येते हे नवे नव्हते. मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यातले बी. एस. कदम, जी. जी. पाटील आणि व्ही. के. पाटणकर यांनी १९३७ सालीच धानातल्या संकरजोमावर निबंध प्रसिद्ध केला होता. १९५४ साली कटकच्या संपत आणि मोहंती यांनी धानाच्या वांझपणात पेशीद्रवाचा हात असल्याचे नोंदवले. जपानच्या शिंज्यो यांनी साठच्या दशकात बंगालच्या 'चिन्सुरा बोरो' या वाणाच्या पेशीद्रवातून नरवंध्य धान मिळवले. आर. एच. रिछारिया यांनी १९६२ साली वेगळीच वाट सुचवली होती: संकरित धानाची ठोंबे फोडून लावायची, म्हणजे दरवर्षी बियाणे लागणार नाही. कल्पना होत्या, शेतापर्यंत पोचेल असा मार्ग कुणाला सापडला नव्हता.

चीनच्या हुनान प्रांतातल्या आनच्यांग कृषी शाळेत युआन लाँगपिंग नावाचा शिक्षक होता. १९६४ पासून धान फुलण्याच्या दिवसांत तो भिंग घेऊन बांध्यांत उतरे आणि लोंबीमागून लोंबी तपासे. हजारो लोंब्या पाहून झाल्यावर हाती मोजकीच नरवंध्य रोपे लागली. त्याने १९६६ साली त्यांच्यावर निबंध लिहिला, पण त्यांचा वांझपणा पिढ्यान्‌पिढ्या टिकवून धरणारा जोडीदार काही केल्या मिळेना. तेव्हा त्याने दिशा बदलली: लागवडीच्या धानापासून दूर, रानातल्या धानाकडे जायचे.

२३ नोव्हेंबर १९७० रोजी हैनान बेटाच्या दक्षिण टोकाशी, नानहाँग शेताजवळच्या पाणथळीत, त्याचा सहायक ली बिहू आणि तिथला तंत्रज्ञ फंग केशान रानधानाचा फुलोरा पाहत होते. उभयलिंगी रोपांच्या त्या गर्दीत एका रोपाचे परागकोश बारीक आणि फिके होते, आणि त्यातून पराग गळत नव्हता. त्यांनी ते रोप मुळासकट खणून आणून लावले. त्याला नाव पडले 'रानवंध्य'. डार्विनने थाइमच्या ताटव्यात जी मादी पाहिली होती, तिची धानाच्या कुळातली बहीण दलदलीत उभी होती.

त्या एका रोपाचा वंश अनेक प्रांतांतल्या संशोधकांना वाटला गेला. जोडीदार वाण सापडले. पराग परत आणणारे पिते फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या आयआर-२४ सारख्या वाणांत मिळाले. १९७३ साली तिन्ही ओळी जुळल्या, १९७६ पासून लागवड झपाट्याने वाढली, आणि नव्वदच्या दशकापर्यंत चीनच्या निम्म्या धानक्षेत्रावर संकरित धान उभे होते. उत्पन्नातली वाढ सुमारे वीस टक्के होती. त्या रोपाच्या तंतुकणिकेतले पराग मारणारे जनुक २०१३ साली चिनी शास्त्रज्ञांनी शोधून दाखवले.

भारताने १९८९ साली संकरित धानाचा राष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला. पहिले संकर १९९४ साली आंध्र, कर्नाटक आणि तामिळनाडूतून आले. महाराष्ट्राचा पहिला संकर 'सह्याद्री' कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रातून १९९८ साली प्रसारित झाला. त्याची माता आयआर ५८०२५ ए. तिच्या पेशीद्रवात हैनानच्या त्या रानधानाचा वारसा होता. धानाच्या संकरजोमावर मराठी संशोधकांनी निबंध लिहून साठ वर्षे होऊन गेली होती.

भंडाऱ्याच्या बांधीत

आता वैनगंगेच्या खोऱ्याकडे वळू. या जिल्ह्याचे धान तलावांवर वाढले. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि बोड्या इथल्या शेतीचा कणा झाल्या. मालगुजारी गेल्यावर त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा' तलाव हे नाव मिळाले. या तलावांच्या उथळ कडांना रानधान आपोआप उगवते. लोक त्याला देवधान म्हणतात. लांब कुसळाचे, पिकले की पाण्यात गळून जाणारे. पलीकडे छत्तीसगडात नांगर न लागलेले हे तांदूळ हलषष्ठीच्या उपवासाला मुद्दाम खातात. लागवडीच्या धानापेक्षा रानधानाची कुक्षी तुसांबाहेर जास्त येते आणि परका पराग जास्त घेते. परक्या परागावर जगायची सोय त्याच्या फुलातच आहे.

बांधीतल्या धानाने मात्र वेगळा रस्ता धरला. इथले मोठे बदल बहुतेक निवडीतून झाले. साकोलीच्या कृषी संशोधन केंद्राने साकोली-६ सारखे वाण दिले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याला १९८३ साली आपल्या 'पटेल-३' धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षे वाढवल्या, आणि त्यातून बारीक दाण्याचे 'एचएमटी' पूर्व विदर्भभर पसरले. हे शक्य झाले ते धानाच्या उभयलिंगी, स्वतःच्याच परागावर फळणाऱ्या फुलामुळे. एकदा निवडलेली लोंबी तशीच राहते, आणि शेजाऱ्याला पायलीभर बियाणे दिले तरी वाण तोच राहतो. खोब्रागडे यांचे २०१८ साली निधन झाले, पण त्यांचे धान अजून बांध्यांत आहे.

संकरित धान या व्यवस्थेत वेगळे नाते घेऊन आले. त्याचे बियाणे दरवर्षी कृषी केंद्रातून विकत आणावे लागते. देशातले बरेचसे संकरित धानबियाणे तेलंगणात, करीमनगर-वरंगळच्या पट्ट्यात, उन्हाळी हंगामात तयार होते. तिथे मातेच्या आणि पित्याच्या ओळी शेजारी लावतात, आणि फुले उघडली की मजूर पित्याच्या ओळींवरून दोरी फिरवतात, कारण वाऱ्यावर विसंबून चालत नाही. या मेहनतीने बियाणे महाग होते. घरचे राखलेले संकरित बियाणे पुन्हा पेरले तर पीक एकसारखे येत नाही: काही रोपे उंच, काही बुटकी, काही लवकर येणारी, आणि काही पुन्हा वांझ परागाची. शेतकऱ्याच्या बांधीत, त्याला नको असताना, उभयलिंगी आणि मादी रोपांची सरमिसळ परत उगवते. शिवाय सुरुवातीच्या संकरांचा भात चिकट होई आणि गिरणीत भाव कमी मिळे. जिथे 'जय श्रीराम', 'एचएमटी' यांसारख्या बारीक तांदळाची बाजारपेठ पक्की आहे, तिथे एकरी पोते-दोन पोती जास्त येऊनही संकरित धानाला सगळे शिवार जिंकता आले नाही. देशातही संकरित धानाचा जोर प्रामुख्याने उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड आणि छत्तीसगडात राहिला.

याच बांध्यांच्या धुऱ्यांवर तूर उभी असते, आणि तिच्यातही हीच कथा वेगळ्या अंगाने घडली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने १९९१ साली आयसीपीएच-८ ही जगातली पहिली संकरित तूर दिली. पाठोपाठ अकोला विद्यापीठाचेही संकर आले. त्या तुरीचा वांझपणा केंद्रकातून येणारा होता, म्हणून मातेच्या ओळीतली निम्मी झाडे नरवंध्य आणि निम्मी पूर्ण सुपीक निघत. पहिली कळी उघडताच परागकोश तपासायचे: पांढुरके असले तर झाड ठेवायचे, पिवळे असले तर उपटायचे. इतकी मजुरी बियाणे कंपन्यांना परवडली नाही आणि ते संकर मागे पडले. मग संशोधकांनी कजानस कजानिफोलियस या रानतुरीचा पेशीद्रव वापरून आईकडून येणारा वांझपणा मिळवला. त्यातून घडलेला आयसीपीएच २६७१ हा संकर २०१० साली मध्य प्रदेशात प्रसारित झाला. ही रानतूर पूर्व घाटात आणि बस्तरच्या जंगलात उगवते. हैनानच्या दलदलीसारखीच एक माता भंडाऱ्याच्या पूर्वेला, फार दूर नाही, अशी उभी होती.

हिशेब

या सगळ्याचा हिशेब मांडला तर दोन गोष्टी ठामपणे सांगता येतात. पहिली, वांझ परागाच्या रोपांनी माणसाला पोटभर दिले. साठच्या दशकातल्या महाराष्ट्राला संकरित ज्वारीने धीर दिला, आणि चीनच्या कोट्यवधी ताटांतला भात एका रानधानाच्या वंशातून आला. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

दुसरी गोष्ट तितकीच खरी आहे. या देणगीसोबत बियाण्याची सूत्रे शेतकऱ्याच्या घरातून बाहेर गेली, आणि एकाच मातेवर सगळे शिवार उभे करण्याचा मोह आला. बाजरीच्या गोसावीने आणि मक्याच्या करप्याने त्या मोहाची किंमत वसूल केली. जगातल्या संकरित धानाचा मोठा भाग अजूनही हैनानच्या त्या एका रोपाच्या पेशीद्रवावर उभा आहे. म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मातांचा शोध ही संशोधकांची हौस नाही, गरज आहे.

त्या माता प्रयोगशाळेत जन्मत नाहीत. जिथे उभयलिंगी आणि मादी झाडे आपापल्या ओढाताणीत हजारो वर्षे नांदली, तिथेच त्या सापडतात: रानधानाच्या पाणथळीत, जंगलातल्या रानतुरीत, तलावांच्या कडांना. भंडाऱ्याचे मामा तलाव गाळाने भरतात, त्यांच्या कडा नांगरल्या जातात, आणि देवधान तण समजून काढले जाते, तेव्हा जमिनीसोबत ही शक्यताही जाते. तलावाचे खोलीकरण करताना उथळ कडेचा एक तुकडा देवधानासाठी राखणे, कृषी केंद्रांनी रानधानाच्या नोंदी आणि नमुने जतन करणे, आणि शेतकऱ्याने घरच्या निवडक वाणांचे बियाणे राखत राहणे, या साध्या गोष्टी आहेत. त्यांना मोठे अंदाजपत्रक लागत नाही. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत देवधानाचे पान असायला काय हरकत आहे? एका रिकाम्या परागकोशाकडे वेळीच लक्ष गेले म्हणून गेल्या पन्नास वर्षांत कोट्यवधी लोक जेवले. पुढचा तसा परागकोश आपल्याच तलावाच्या कडेला उघडला, तर तो पाहायला ती कड उरलेली असली पाहिजे.